डाग्नीची हाक

युद्धात जर्मन आले त्याच वर्षी डाग्नी लग्न होऊन दूर उत्तरेच्या समुद्रातल्या सोरया बेटावर आली होती. सुरुवातीला ते मासळी विकत घेत, पोरांना चॉकलेट देत. मग त्यांनी शाळा घेतली, धक्का घेतला. पुढे आपल्याच होडीतून मासे धरायला जायचं तरी त्यांचा परवाना लागू लागला. साडेचार वर्षांत डाग्नीला दोन मुलं झाली आणि दबक्या आवाजात बोलायची सवय लागली.

१९४४च्या हिवाळ्याच्या तोंडावर रशियन सैन्य जवळ आलं, तसे जर्मन माघारी निघाले. हुकूम सुटला: सगळ्यांनी जहाजात बसून दक्षिणेला जायचं, मागे एकही घर उभं राहणार नाही.

"मी इथून हलायची नाही," सासू मारित म्हणाली. डाग्नीचा नवरा हिल्मार आईच्याच वळणाचा. सगळे गायीसकट कड्याखालच्या गुहेत राहायला गेले. तिथूनच त्यांनी आपलं घर जळताना पाहिलं.

पुढे समुद्र, मागे कडा. धूर करायचा नाही, मुलांनी रडायचं नाही. गस्तीची बोट रोज किनारा धुंडाळत असे. पीठ संपलं तेव्हा हिल्मार खाडीपलीकडे लपवलेलं पोतं आणायला होडी घेऊन गेला. दुपारी बर्फ पडू लागलं आणि समोरचे खडकही दिसेनासे झाले.

अशा वेळी बेटावरच्या बायका किनाऱ्यावरून गुरांना बोलवायची उंच, लांबवलेली हाक घालतात. प्रत्येकीचा सूर वेगळा. होडीतला माणूस घरचा सूर ओळखून खडक चुकवत येतो.

"आई, तो आपटेल कुठेतरी. मी हाक घालते."

"गप्प बस. जर्मनांच्या कानात काय बोळे आहेत?"

"तुमचाच मुलगा आहे ना तो?"

"म्हणून तर सांगते. ही दोन त्याचीच आहेत ना?"

मारितने तिचा दंड घट्ट धरून ठेवला. बऱ्याच वेळाने बाहेर लाकूड खडकावर करकरलं. होडी! मारितची पकड सैल झाली. डाग्नी धावत बाहेर गेली आणि तिने छाती फुटेल अशी हाक घातली.

उत्तरादाखल इंजिन सुरू झालं.

बर्फातून गस्तीची बोट पुढे आली. मागे दोराने बांधलेली रिकामी होडी खडकांना घासत होती. बोटीत हिल्मार बसला होता, मांडीवर पिठाचं पोतं.

"हा तर सांगत होता, मी एकटाच आहे म्हणून," शिपाई मोडक्या भाषेत म्हणाला.

"कशाला गं ओरडलीस?" हिल्मारने विचारलं. त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच तिला सोसवेना.

"तिला बोलू नकोस," मारित म्हणाली. "धरलं होतं मी, सोडलंही मीच."

सामान बांधायला फारसं काही नव्हतंच. डाग्नीने शिपायाला गाय दाखवली. "कास तटतटलीय तिची. दूध काढू दे."

त्याने खांदे उडवले. दूध मुलांनी प्यायलं. उरलेलं बघत शिपाई आपला पत्र्याचा पेला चाचपू लागला.

"दे त्यालाही," मारित म्हणाली, "नाहीतर आपल्याकडेच बघत बसेल मेला."

डाग्नीने दावं सोडलं. बोट निघाली तशी गाय मागोमाग गुडघाभर पाण्यात आली आणि हंबरू लागली. डाग्नीने शालीचा बोळा तोंडात दाबून धरला. तोंडून सूर निघाला असता, तर गाय पोहत आली असती.