गंगी, चंद्री आणि माझी ऑनर्स

माझ्या ऑनर्स पदवीचं भवितव्य दोन म्हशींच्या हातात होतं आणि त्यांतली एकही कॉलेजला गेलेली नव्हती. (मी जात होते, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही.)

चौथ्या वर्षी प्रत्येकानं एक स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा, असा नियम. ‘स्वतंत्र’ या शब्दाखाली आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन रेघा मारल्या होत्या. पन्हाळ्याच्या वाटेवर आमचं गाव, घरी गोठा, त्यामुळे विषय दारातच बांधलेला होता: ट्रेमध्ये मोड आणून वाढवलेला मक्याचा हिरवा चारा घातला, तर म्हशीचं दूध वाढतं का? गंगीला हा चारा द्यायचा, चंद्रीला नेहमीची वैरण. दोन महिने दुधाचं माप लिहायचं आणि फरक दाखवायचा. फरक दिसला की पदवी!

आता शेणाच्या वासानं माझं डोकं उठतं, म्हणून चारा वाढवायचं, घालायचं आणि धार काढायचं काम आईकडे सोपवलं. संशोधन मी अंथरुणातून करायचे. सकाळी “किती?” असं ओरडायचं आणि आई सांगेल तो आकडा मोबाइलमध्ये टिपायचा.

महिन्याभरात गंगीचं दूध वाढलं. मी आनंदानं उठून बसले. पण चंद्रीचंही तेवढंच वाढलं होतं! मला धडकी भरली. आईला दुसरं माप वापरायला लावलं, तरी तेच. मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, कारण शोधा, बाहेरचे परीक्षक गोठा बघायला येणार आहेत. झालं, माझं जेवणच सुटलं. शेवटी घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं, म्हणजे सिद्धान्त. शेजारणीला हिरवं खाताना नुसतं बघूनही म्हशीचं दूध वाढतं, असा! त्यावर मी बारा पानं लिहिली, आकृत्यांसकट. खाली ‘हे काम मी कोणाच्याही मदतीशिवाय केले आहे’ या प्रतिज्ञेवर सही ठोकली.

परीक्षक आले ते ती बारा पानं हातात घेऊनच. दावणीपुढे उभं राहून त्यांनी चंद्रीकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

“या म्हशीला हिरवा चारा कधीच दिला नाही ना?” त्यांनी आईला विचारलं.

“असं कसं, पावणं?” आई म्हणाली. “एका दावणीला बांधल्यात दोघी. एकीनं हिरवं खायाचं न् दुसरीनं बघत बसायचं? पंगतीत असला दुजाभाव आमच्यात करत न्हाईत. पयल्या दिवसापास्नं निम्मं निम्मं घालतोय की.”

मला सांगायचं तरी, असं मी कसंबसं पुटपुटले.

“तू कवा गोठ्यात आलीस, तवा सांगू?”

परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि चौकशी सुरू केली. चारा वाढवला कोणी? आईनं. घातला कोणी? आईनं. धार? आईनं. माप? तेही आईनंच.

“मग या स्वतंत्र प्रकल्पात तुम्ही नक्की काय केलंत?”

मी प्रतिज्ञेच्या पानावर बोट ठेवलं. “सर, ही सही माझी आहे.”

ते हसले, हे माझं नशीब. आणखी दोन महिन्यांची मुदत मिळाली, पण अट अशी की चारा मी स्वतःच्या हातानं घालायचा. नाकाला ओढणी बांधून मी गोठ्यात उतरले. आईला तर दारातच अडवलं. पहिले दोन दिवस अगदी शिस्तीत गेले. तिसऱ्या दिवशी गंगीपुढे ट्रे ठेवला आणि चंद्रीनं वैरणीतून तोंड वर काढून माझ्याकडे बघितलं.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि निम्मा चारा तिच्यापुढे सरकवला.

ती बारा पानं मी मोबाइलमधून अजून पुसली नव्हती, हे एक बरं झालं.