तारीख मी वाचली व्हती

"हिलाच विचारा. इन्शुरन्सचा कागद हिनं रद्दीत घातला. अंगठाछाप बाई, हिला काय कळतंय?"

साहेब असं म्हणला आन वाटेवर गाडी अडवलेल्या हवालदारानं वाकून आत बघितलं. मी मागं, डिकीत. जेवणाच्या पातेल्यांच्या मधी, गुडघं पोटाशी घिऊन. सीटवर गड बघाय निघालेले पाहुणे. माझ्यानं कव्हरं खराब व्हत्यात म्हणं, म्हणून माझी जागा ती.

साहेबाचा बंगला मळवलीत. मी तितं रांधायची, झाडायची, मागच्या खोलीत ऱ्हायची. साहेब पुण्याचा, पण गाडीची पाटी दुसऱ्या राज्याची. तिकडं टॅक्स कमी पडतो. ती पाटी बघूनच हवालदार म्हणला व्हता, "बाहेरची गाडी, इन्शुरन्स दाखवा." गडाखाली रेंज न्हाई, मोबाईलवर काय दिसंना.

"व्हय का ओ ताई?" त्यानं मला विचारलं.

मी दहावी पास हाय. पावसाळ्यात, वर्षावासाला, बुद्धविहारात ग्रंथ मी वाचते, सारी वस्ती ऐकती. आन त्यो कागद कुटंच गेला न्हवता. आठ दिवस आदी गाडी पुसताना मीच खणातनं काढला, वाचला. मुदत कवाच संपलेली. साहेबाला जाऊन सांगितलं, तर हसला. म्हणला, "तू गाडी पूस. वाचायचा पगार देत नाही मी तुला."

सगळं पार ओठावर आलं. पण खोली दिसली डोळ्याम्होरं. कुटं जाऊ, काय खाऊ?

"व्हय," मी म्हणले. "माझ्याकडनंच गेला."

जीभ झडली न्हाई माझी. पाहुण्यातली एक बाई खुदकन हसली. हवालदारानं गाडी सोडली. माझ्या शब्दावर सोडली.

तिसऱ्या दिवशी साहेब तीच गाडी घिऊन लोहगडवाडीच्या उतारावर मावशीच्या टपरीत घुसला. मावशी गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी विकायची. मी दिसले की हातावर भाकरी ठेवल्याबिगर सोडायची न्हाई. तिचा पाय मांडीत मोडला. दवाखान्यात तिचा लेक म्हणला, "गाडीला इन्शुरन्सच न्हवता. आता साहेबाच्या मागं कोर्टात फिरायचं." मावशीनं माझा हात धरला. "तू गं कशापायी रडती?"

माझ्याच्यानं सांगवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी साहेबानं मला चौकीत नेलं. वाटेत म्हणला, "तेच सांगायचं. कागद तू हरवलास, म्हणून मला तारीख कळली नाही." हवालदार त्योच. साहेब बोलला तसा जबाब त्यानं लिवला, शाईचा पॅड माझ्याकडं सरकवला.

"लावा अंगठा."

मी पॅड मागं सारला. कागद उचलला आन मोठ्यानं वाचाय लागले. विहारात वाचते तसा, पहिल्या ओळीपासनं. शेवटी लिवलं व्हतं, 'मला लिहिता-वाचता येत नाही, जबाब मला वाचून दाखवला.'

"ह्ये खोटं हाय," मी म्हणले. "कागद गेला न्हवता. मुदत संपलेली मी वाचली, ह्यांना सांगितली. आन त्या दिवशी वाटेवर मी तुमाला खोटं सांगितलं. त्ये बी लिवा."

"खोली आजच रिकामी कर," साहेब म्हणला.

"करते."

नवा जबाब लिवला. खाली मी सही केली. पुरं नाव, आडनावासकट.

तशीच दवाखान्यात गेले आन मावशीला सगळं सांगितलं. तिनं हात सोडवून घेतला, भिंतीकडं तोंड केलं. बराबर केलं तिनं. मी तवा खरं बोलले असते तर गाडी तितंच अडकली असती. तिचा पाय साहेबानं मोडला, पण त्याला वाट मी दिली.

कोर्टात तारीख लागंल तवा मी जाणार. आदी माझं खोटं सांगणार, मग साहेबाचं. मावशी माझ्याशी बोलू, न बोलू.