ब्राह्मीचा कडू रस

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. परवा प्रयोगशाळेत ब्राह्मीचा अर्क काढताना तो हिरवा, उग्र वास आला आणि मला बालाघाटचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी तेव्हा बारावीत होते. राजेगावजवळ बाबा मोटरसायकलवरून पडले, डोक्याला मार बसला. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आले, पण एक शब्दही बोलेनात. डॉक्टरांना विचारून आई गोळ्यांबरोबर रोज सकाळी त्यांना ब्राह्मीचा रस द्यायची. पाजताना भाजीच्या भावापासून लांजीच्या पाहुण्यांपर्यंत एकटीच बोलत राहायची.

दोन महिन्यांनी एका सकाळी बाबांनी वाटी बाजूला सारली. "कडू हाये. तूच पे."

आईने वाटी उचलली. "हौ, पेतो ना," म्हणत तिने अख्खी वाटी घशाखाली ओतली आणि तोंड वाकडं केलं. बाबा हसले.

तेव्हा मला वाटलं, हे ब्राह्मीनंच केलं. आज मी विद्यार्थ्यांना सांगते, मेंदूच्या पेशी जपणारी द्रव्यं तिच्यात असावीत, पण खात्रीनं म्हणता येत नाही. आईच्या त्या बोलण्याचा वाटा मात्र मी तेव्हा धरलाच नव्हता.

त्या सकाळी आई धावतच शेजारच्या काकूंच्या दारात गेली आणि ओरडली, "ऐकलं का वो, हे माह्यासंग भांडून राह्यले!"