कॅसेटमधली रिकामी जागा

तालुक्याला नेटचं दुकान नवीनच निघालं होतं. पोरगा दुबईला. फोन महाग पडतो म्हणून दर रविवारी त्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर बोलायचं, असं त्यानं परस्पर ठरवलं. मला कोणी विचारलं नाही.

हेडफोन लावायला टोपी काढा म्हणाले. काढली नाही. टोपीवरूनच लावला. पोरगा "आण्णा" म्हणाला की मला नुसतं "णा" ऐकू यायचं. मग दोघं एकदम बोलायचो, नाहीतर दोघं एकदम गप्प.

"बाबा, ओरडू नका, माईक तोंडाशीच हाय," दुकानदार म्हणायचा.

"पोरगं समुद्रापल्याड हाय. हळू बोलून पोचतंय व्हय?"

बायकोला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एका रविवारी पोरगा म्हणाला, "आण्णा, आईची कॅसेट इकडं पाठवा, कॉम्प्युटरवरून."

ती कॅसेट ऊसतोडीतली. माझी आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्या साली मी एकटाच कारखान्यावर गेलो. बायकोला लिहिता येत नव्हतं. शेजाऱ्याच्या टेपवर बोलून तिनं कॅसेट ट्रकवाल्याबरोबर धाडली. तिला वाटलं, हे फोनसारखंच असतं. "अवं, जेवलात का?" म्हणायची आणि माझ्या उत्तरासाठी थांबायची. मग "बरं" म्हणून पुढचं बोलायची. कोपीवरची, पाचटाच्या झोपड्यांतली माणसं पोट धरून हसली. घरी गेल्यावर मी तिला म्हणालो होतो, "निम्मी कॅसेट वाया घालवलीस, येडे." ते आता गिळता येत नाही.

दुसऱ्या रविवारी कॅसेट नेली. दुकानदारानं ऐकली. "लई मोठी हाय बाबा, जायची न्हाई. मधली रिकामी जागा कापतो."

"कापायची न्हाई."

"अहो, तिथं काहीच न्हाई!"

"तुला न्हाई."

हेडफोनमधून पोरगा म्हणाला, "कापू द्या की, आण्णा."

"आईला ऐकायचं तर घरी ये," मी म्हणालो. "सगळी ऐक. ती गप्प बसंल तिथं तूबी गप्प बस."

हेडफोन टेबलावर ठेवला, कॅसेट खिशात घातली आणि निघालो.

घरी आल्यावर पोरानंच दिलेला वॉकमन काढला. त्याचा एक कान मेलेला, दुसऱ्याची वायर चिमटीत धरली तरच बोलतो. धरली.

"अवं, जेवलात का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो. "तालुक्याला गेल्तो. भांडून आलो."

ती थांबली होती. मग म्हणाली, "बरं."