टोळीने घेतलेली माझी मुलाखत

बी.एड. झाल्यापासून मी लातूर-नांदेडच्या शाळांत इतक्या मुलाखती दिल्या होत्या की 'कळवतो' म्हटलं की मला हसूच फुटायचं. कुणी निवडत नव्हतं, एवढंच खरं. गेल्या वर्षी मात्र माणसं निवडायची पाळी माझी आली. किल्लारीजवळच्या आमच्या शेतात सोयाबीनच्या शेंगा तडकू लागल्या होत्या. आणखी दोन दिवस ऊन लागलं की दाणे मातीत. वडिलांनी मला भल्या सकाळी भाड्याच्या जीपमध्ये बसवून चौकात पिटाळलं, बायांची टोळी आणायला.

चौकात मालक चार आणि टोळी एकच. एक जण गरम भजी वाटत होता, दुसऱ्याने गाडीत गाणी लावली होती. मी ऐटीत पुढे झाले, तर टोळीच्या मुकादम मावशींनी मलाच प्रश्न सुरू केले. शेत रस्त्यापासून किती आत? सावलीला झाड आहे का? संध्याकाळी घरापर्यंत सोडणार की फाट्यावरच उतरवणार? मी सवयीने पूर्ण वाक्यांत उत्तरं देत गेले. शेवटी गवताचं विचारलं. अगदी नगण्य, मी ठोकून दिलं. आणि मावशी चक्क जीपमध्ये चढल्या! भजीवाल्याचं तोंड बघून मला तिथेच नाचावंसं वाटलं.

बांधावर उतरलो तर गवत सोयाबीनहून उंच. बाया पुन्हा जीपकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलले मी, मावशी, असं म्हणून मी विळा उचलला आणि सगळ्यात गवताळ ओळींची पात धरली. मावशींनी जरा वेळ बघितलं, मग शेजारची पात धरली. मग बाकीच्याही आल्या. माझ्या विळा धरण्याला दिवसभर हसत हसत त्यांनी रान मोकळं केलं. मीही हसत होते, पोट दुखेपर्यंत.

निघताना मावशी म्हणाल्या, "उद्या सातला चौकात ये. आमच्यात एक बाई कमी हाय."

"मला नीट कापता येत नाही, मावशी."

"ते दिसलंच की. पर तू पळाली न्हाईस."

हाताला फोड आले होते, कंबर गेली होती, तरी मी घरात धावतच शिरले. माझी निवड झाली, वडिलांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठलेच.

"कोणत्या शाळेत?"