मंगळावरचं पाणी

चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ऐकताना सांडेल. एवढी फजिती माझी कधी झाली नव्हती, आणि झाली ती नेमकी मी शिकवते त्या विषयात.

मी तेव्हा दिंद्रुडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. राहायला जवळच्याच गावात, सासरी. त्या वर्षी पाऊस जो रुसला तो रुसलाच. विहिरींचे तळ दिसत होते. सरकारी टँकर कधी यायचा, कधी नाही, आणि आला तरी भांडणात निम्मं पाणी मातीत जायचं.

अशात एका शुक्रवारी गावच्या दूध सोसायटीची सभा होती. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. चेअरमन आप्पा माझ्याकडे वळले.

"म्याडम, तुमीच बोला कायतरी. लोक उठून चाललेत."

आता मला असं कुणी म्हणायचं असतं का? मंगळ ग्रहावरचं नवं संशोधन मी नुकतंच वाचलं होतं आणि कुणाला सांगू असं झालं होतं. घरी नवऱ्याला सांगायला घेतलं, तर तो ऐकता ऐकता घोरायला लागला.

मी माइक धरला. मंगळावर शास्त्रज्ञांनी भूकंप मोजणारं यंत्र ठेवलं होतं. तिथली जमीन हादरली की लहरी खडकांतून कशा जातात, त्यावरून पोटात काय दडलंय याचा अंदाज बांधतात. "आपण पिंप बोटानं वाजवून बघतो ना, भरलंय का रिकामं? तसंच," मी म्हटलं. माना डोलायला लागल्या. मला चेव आला. शिकवणाऱ्याची सवय, मुख्य वाक्य घोळून घोळून सांगायचं. "मंगळावर पाणी आहे. खोल आहे, पण भरपूर आहे." तेव्हा 'असावं' म्हणायला हवं होतं, शास्त्रज्ञही तेवढंच म्हणत होते. पण माइक हातात असला की माणसाचं 'असावं'चं 'आहे' होतं.

भोंगा लिंबाच्या झाडावर बांधलेला होता. खरखर लई, पण आवाज पार वस्तीपर्यंत जायचा. टाळ्या पडल्या. मी तरंगतच घरी आले.

रविवारी सासूबाई बाहेरून आल्या त्या पदर खोचतच.

"आगं, मंगळवारी पानी येनार हाय. सोसायटीनं सांगितलंय म्हनं. भरपूर."

"कोण म्हणालं?"

"आख्खं गाव म्हनतंय."

मला इतका आनंद झाला म्हणता! पिंपाच्या तळाशी चार बोटं गढूळ पाणी होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या. मी म्हटलं, आता कशाला ठेवायचं? ओतलं मागच्या लिंबोणीला. सोमवारी पिंप घासून काढलं आणि घागरी-कळश्यांत जे काही उरलं होतं ते त्या घासण्यात संपवलं. शेजारच्या सुमनकाकू विचारायला आल्या, "बाई, आमी बी पिंप धुवावं का?" मी म्हटलं, "धुवा की. स्वच्छ पिंपात भरलेलं बरं." विज्ञानाची बाई म्हणाली म्हटल्यावर सगळ्या आळीनं पिंपं घासली.

मंगळवारी सकाळपासून सोसायटीच्या आवारात घागरींची रांग. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हातान्हात चालत आल्या होत्या. मी शाळेत रजा टाकून रांगेत उभी होते. दहा वाजले, अकरा वाजले. टँकर नाही. पत्र्याच्या सावलीला पोरं रडायला लागली. घरी कुणाकडे प्यायलाही घोट उरला नव्हता. बायकांचे आवाज चढत गेले. कुणीतरी रिकामा हंडा ऑफिसच्या दारावर आपटला.

आप्पा घाम पुसत बाहेर आले. आणि सगळ्यांत पुढे कोण झालं असेल? मीच.

"आप्पा, हे बरं नाही. पाण्याचा शब्द द्यायचा आणि पाळायचा नाही? लोकांनी घरातलं पाणी ओतून दिलंय."

"म्याडम, सोसायटीनं कवा शब्द दिला? कुनी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतंय."

आप्पांनी सुमनकाकूंना विचारलं. काकूंना त्यांच्या जावेनं सांगितलं होतं. जाऊ म्हणाली, "मी सोता ऐकलं. भाकरी थापत व्हते, तुमच्या भोंग्यावरून आलं. मंगळवारी पानी हाय, भरपूर हाय."

"कवा?"

"शुक्रवारी. बाईमानसाचा आवाज व्हता."

आप्पांनी हळूच माझ्याकडे बघितलं. मग सुमनकाकूंनी. मग सगळ्यांनी.

"मंगळवारी नाही," मी कसंबसं म्हटलं. "मंगळावर. आकाशात तो ग्रह आहे ना, त्याच्यावर."

पुढं बसलेल्या शेवंताआजींनी विचारलं, "किती लांब हाय त्यो?"

"लई लांब, आजी."

"मंग आमाला कावून सांगितलं?"

पाठीमागे गर्दी पुढं सरकतेय हे कळत होतं. आता एखादा हंडा आपल्या डोक्यात बसणार, असं धरूनच मी उभी राहिले.

आप्पांनी वेळ ओळखली. "थांबा," म्हणाले. दुधाचा टँकर धुवायला लावला, स्वतः ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि माजलगावच्या धरणाच्या बाजूला गेले. कुणाच्या हातापाया पडले देव जाणे, पण उन्हं कलायच्या आत टँकर भरून आला. पाण्याला दुधाचा वास होता. कुणी नाक मुरडलं नाही. मी माझी घागर सगळ्यांत शेवटी ठेवली आणि पडेल चेहऱ्यानं सगळ्यांना घागरी उचलून देत होते.

शेवंताआजींचा हंडा डोक्यावर ठेवताना त्या म्हणाल्या, "बाई, आमाला काय, पानी मिळालं. बरं, त्या शनीवर हाय का वो?"

तिथं गप्प बसावं की नाही? पण कुणी प्रश्न विचारला की माझ्याच्यानं राहवत नाही.

"शनीवर नाही, आजी. पण त्याच्या एका चंद्रावर आहे. वर बर्फ आणि खाली समुद्रच्या समुद्र."

आजी मान हलवत निघाल्या. फाटकापाशी कुणीतरी त्यांना विचारलं, "काय म्हनती बाई?"

"शनवारी बी हाय म्हनती," आजी म्हणाल्या. "बर्फाचं."

शनिवारी मी माहेरी गेले.