छपरावरचं छप्पर

प्रभाकर गेल्याचं मला सासऱ्यांनी फोनवर सांगितलं. "जावईबापू, प्रभाकर आपल्याला सोडून गेले," एवढंच, आणि तेही वर्तमानपत्रात छापता येईल अशा मराठीत. निर्मळच्या वाडीत केळी आणि मोगरा सांभाळण्यात जन्म घालवलेला हा माणूस घरात सगळ्यांशी आपल्या बोलीत बोलायचा, माझ्याशी मात्र पाहुण्याशी बोलावं तसा. मी साताऱ्याकडचा, विमा कंपनीत नोकरी, वसईत फ्लॅट, थोरला जावई. धाकटा जावई प्रभाकर शेजारच्याच गावचा, बोली त्याच्या घरातलीच. ते दोघं ओटीवर बसून बोलत, मध्येच हसत, आणि मी समोरच्या खुर्चीत चहा गार होऊ द्यायचो. सासऱ्यांनी त्या बोलीत मला एकदा तरी काही विचारावं, माझं मत घ्यावं, एवढी एकच इच्छा मी त्या घरात बाळगली. माझा साडू काहीही न करता ते सुख रोज उपभोगत होता.

गोखिवऱ्याला त्याचं गॅरेज होतं. गाडीखाली शिरायला जमिनीत खड्डा होता, पण ती जागा खाडीकाठचं खाजण बुजवून केलेली. जून ते दिवाळी खड्ड्यात पाणी आणि बेडूक. दोन हजार सालच्या आसपास त्याने ठरवलं की आता खाली उतरायचं नाही, गाडीच वर न्यायची. दोन खांबांची लिफ्ट पुण्याहून आली. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. "ती थोरल्यांना द्या, त्यांचं इंग्रजी चांगलं आहे," असं सासरे म्हणाले. त्यांच्याकडून मला मिळालेली ही सर्वात मोठी पदवी.

मी पुस्तिका नीट वाचली आणि विचारलं, "प्रभाकरराव, छपराची उंची मोजली का?"

"साडूभाऊ, खांब मावतात. बघा की."

खांब मावत होतेच. खांबांवर चढणाऱ्या गाडीलाही डोकं असतं, हे मी सांगत होतो. पण तोवर तो काँक्रीटवर पाणी मारायला निघून गेला होता.

उद्घाटनाला एक पुढारी आले. हार, नारळ, माइक, आणि वसईच्या औद्योगिक भवितव्यावर त्यांचं भाषण, जे त्यांनी बहुधा त्याच आठवड्यात एका बेकरीच्या उद्घाटनालाही केलं असावं. मग त्यांचीच उंच जीप लिफ्टवर चढवली. बटण त्यांनीच दाबलं. जीप संथपणे वर गेली... आणि टपाने छपराचा सिमेंटचा पत्रा फोडला. पत्र्याचा चुरा पुढाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी आयुष्यात फार कमी वेळा इतका बरोबर ठरलो होतो.

प्रभाकर वर बघत म्हणाला, "आमच्या साडूभाऊंनी बजावलं होतं. मीच ऐकलं नाही. साहेब, तुमची गाडी आभाळाला टेकली, आता आम्ही आभाळच वर करतो." लोक हसले, पुढारीही हसले. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. केवढं मोठं मन, असं मेव्हणी माझ्या बायकोला म्हणाली. बरोबर मी होतो. मोठं मन त्याचं निघालं.

पुढे त्याने लिफ्टपुरता पत्रा कापून वर एक छोटं छप्पर चढवलं. लांबून ते देवळाच्या कळसासारखं दिसायचं. रिक्षावाले पत्ता सांगू लागले, "वो डबल छतवाला गॅरेज." लोक मोजून-मापून गॅरेजं बांधतात आणि कुणाच्या लक्षात राहत नाहीत. याची चूक खूण होऊन बसली. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो माझी गाडी स्वतः धुऊन परत पाठवायचा.

तेराव्यानंतर गॅरेज भाड्याने घेणारा एक जण आला. त्याला लिफ्ट काढून हवी होती. मेव्हणीने वडिलांकडे बघितलं. सासरे ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं. त्यांच्या बोलीत. मला पूर्ण कळलं, कारण इतकी वर्षं मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं: "परभाकर असता तर काय बोलला असता?"

मी म्हणालो, "लिफ्टसकट घेत असेल तर द्या, असं बोलला असता. आणि त्याला जेवायला बसवलं असतं."

"बरोबर," सासरे म्हणाले. गॅरेज लिफ्टसकट गेलं. तो माणूस जेवूनही गेला.

आता मी दर रविवारी निर्मळला जातो. सासरे माझ्यासाठी प्रश्न काढून ठेवतात. विहिरीच्या पंपाचं काय करायचं, वाडीचा कोपरा विकायचा का, नातवाला कुठल्या कॉलेजात घालायचं. सगळं त्यांच्या बोलीत, आणि सगळं प्रभाकरला. मी उत्तरं देतो. बहुतेक बरोबर येतात.

परवा पंपाबद्दल मी माझं स्वतःचं मत सांगून पाहिलं. कारणांसकट, मुद्देसूद. सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले.

"नाही," ते म्हणाले. "तो असं नाही बोलायचा."